लाही फुटते तेव्हा

व्यापाऱ्याच्या घरात माल पारखण्याचे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. धान्य मुठीत घेऊन त्याचा वास घ्यावा, दाणा दाताखाली फोडून त्यातील ओल ओळखावी, सोने कसाला लावावे, कापडाचा धागा ओढून पाहावा. ही विद्या वडिलांच्या शेजारी गादीवर बसूनच अंगी मुरते. परंतु काळ असा आला आहे की, काही माल डोळ्यांनी पाहून, हातात घेऊन वा जिभेवर ठेवून पारखताच येत नाही. छत्रपती संभाजीनगरातील एका कुटुंबावर असाच एक प्रसंग आला. तो सर्वच व्यापारी घरांनी ऐकावा असा आहे.

शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून थोड्याच अंतरावर या कुटुंबाची पेढी आहे. गॅस्केट, ऑइल सील, ग्लँड पॅकिंग, पट्टे, ग्रीस असा कारखान्यांना लागणारा माल तेथे मिळतो. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग लहानमोठे उद्योग उभे राहू लागले, त्या काळात आजोबांनी ही पेढी थाटली. घरात सर्वजण त्यांना दादाजी म्हणतात. आता व्यवहार त्यांचा मुलगा पाहतो आणि दादाजी सकाळी दोन तास गादीवर येऊन बसतात. नात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे.

एके दिवशी परगावचा एक प्रतिनिधी पेढीवर आला. त्याने चकचकीत पत्रके मांडली. ‘ग्राफीन पावडर’ नावाच्या मालाची संपूर्ण मराठवाड्याची एकमेव वितरणाची संधी तो देऊ करत होता. ही पूड रंगात मिसळली की गंज लागत नाही, वंगणात मिसळली की यंत्र झिजत नाही, सिमेंटमध्ये मिसळली की भिंत बळकट होते, बॅटरीत घातली की ती लवकर भारित होते, असे त्याचे सांगणे होते. अनामत रक्कम मोठी होती आणि पहिली खेप रोखीने उचलण्याची अट होती. मुलाच्या मनाने उचल खाल्ली. त्याने हिशेब मांडला, तेव्हा रक्कम उभी करण्याचा एकच मार्ग दिसला: नातीच्या लग्नासाठी बँकेत ठेवलेली मुदतठेव मोडणे.

मुलाचा विचार उथळ होता, असे म्हणता येणार नाही. बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यात टोयोटा किर्लोस्कर आणि एथर यांनी २०२४ मध्ये कारखान्यांची घोषणा केली आहे. विजेवरील वाहनांना ऑइल सील आणि पट्टे कमीच लागणार. जुन्या मालावर पेढी किती वर्षे चालणार, ही त्याची चिंता खरी होती. “दादाजी, तुम्ही म्हणाल थांब, आणि आपण थांबलेलेच राहू,” असे तो वडिलांना एकदा बोलून गेला. त्या वाक्यामागे एक जुनी सल होती. ॲस्बेस्टॉसची गॅस्केट जोरात खपत होती, त्या काळात एका विक्रेत्याने ग्रॅफाइटचा काळा, मऊ पत्रा दाखवायला आणला होता. “पेन्सिलीच्या शिशाचा पत्रा बॉयलरला काय टिकणार!” असे म्हणून दादाजींनी त्याला परत पाठवले. पुढे ॲस्बेस्टॉसचे आरोग्यावरील दुष्परिणाम सर्वांना कळले, गिऱ्हाइके ग्रॅफाइटची गॅस्केट मागू लागली, आणि तोवर शेजारच्या दुकानाने तो व्यापार उचलला होता.

नातीने प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला. “काका, ही पूड कोणत्या पद्धतीने बनवता? ताव किती अंशांचा देता?” तो हसून म्हणाला, “ती कंपनीची गुप्त पद्धत आहे, ताई.” तिचे समाधान झाले नाही. त्या रात्री जेवणानंतर तिने आजोबा, वडील आणि आजी यांना समोर बसवून सारे समजावून सांगितले.

शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. त्यात ग्रॅफाइट असते, आणि ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. त्यातील कार्बनचे अणू मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे षट्कोनात जोडलेले असतात आणि त्यांचे पातळ थर वहीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. एका थरातील अणूंचे बंध अतिशय बळकट, परंतु दोन थरांमधील ओढ अगदी दुबळी. म्हणूनच पेन्सिल कागदावर फिरवली की थर सुटून कागदाला लागतात. दोन थरांतील अंतर ०.३३५ नॅनोमीटर, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये सुमारे तीस लाख थर. यातील एक सुटा थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर येथील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने थर सोलत सोलत तो वेगळा करून त्याचे गुणधर्म दाखवले आणि २०१० साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण चिकटपट्टीने थर सोलून पोती भरत नाहीत. व्यापारासाठी दुसरी वाट लागते, आणि त्या वाटेवर उष्णता हीच खरी कारागीर आहे.

ग्रॅफाइटच्या थरांमध्ये परके रेणू शिरू शकतात. पोटॅशियम शिरला की काळे ग्रॅफाइट ब्राँझसारख्या रंगाचे होते. संहत गंधकाम्ल शिरले की ते गडद निळे दिसते. मोबाइलच्या बॅटरीत भारित होताना लिथियम अशाच रीतीने ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतो. सहा कार्बन अणूंमागे एक लिथियम, अशी तेथे जागा असते. कधी प्रत्येक फटीत पाहुणा असतो, कधी एकाआड एक फटीत, कधी दोन फटी सोडून. धर्मशाळेतील सर्व खोल्या भरलेल्या असोत वा मोजक्याच, इमारत तीच राहते. १८४१ च्या सुमारास शाफहॉइट्ल या जर्मन शास्त्रज्ञाने गंधकाम्लात भिजलेले ग्रॅफाइट फुगते, असे नोंदवले होते. म्हणजे हा विषय नवा नाही.

“मग ताव दिला की काय होते?” दादाजींनी विचारले.

नातीने आजीकडे पाहिले. “आजी, ज्वारीच्या लाह्या करताना तू काय करतेस?”

आजी म्हणाली, “ज्वारीवर गरम पाणी शिंपडायचे, कापडात बांधून रात्रभर मुरू द्यायची, आणि कढई चांगली तापली की मूठ मूठ टाकायची.”

“आणि कढई थंड असतानाच टाकली तर?”

“तर दाणे वाळतात, करपतात. लाही फुटत नाही. लाहीला एकदम धग लागते.”

या दोन वाक्यांत सारे शास्त्र आले होते. दाण्यात मुरलेल्या पाण्याची एकदम वाफ होते. तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, दाब वाढतो आणि दाणा फुलतो. आच मंद असेल तर तेच पाणी हळूहळू झिरपून निघून जाते. ग्रॅफाइटचेही तसेच आहे. थरांत गंधकाम्ल मुरवून, पाण्याने धुऊन, वाळवून ठेवलेल्या पाकळ्यांना हळूहळू तापवले, तर आतले रेणू कडांमधून एकेक करत निघून जातात आणि थर पुन्हा जवळजवळ पूर्वीसारखे मिटतात. मात्र त्याच पाकळ्या ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या भट्टीत एकाएकी टाकल्या, तर आतल्या आम्लाची कार्बनशी प्रक्रिया होते. वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू क्षणात निर्माण होतात आणि थरांना दूर लोटतात. पाकळीची जाडी शेकडो पटींनी वाढते. लांबी-रुंदी मात्र तेवढीच राहते, कारण थराच्या आतील बंध तुटत नाहीत. उष्णतेची मात्रा अखेरीस तीच असली तरी ती देण्याच्या वेगाने परिणाम बदलतो.

दुसरी वाट ग्रॅफाइट ऑक्साइडची. १८५९ साली ब्रॉडी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने पोटॅशियम क्लोरेट आणि नत्राम्ल वापरून ग्रॅफाइटच्या थरांना ऑक्सिजन जोडला. ज्या वर्षी या शहरात मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, त्याच १९५८ साली अमेरिकेत हमर्स आणि ऑफेमन यांनी पोटॅशियम परमँगनेटची अधिक सोयीची पद्धत प्रसिद्ध केली. आज बहुतेक प्रयोगशाळा तिचेच कोणते ना कोणते रूप वापरतात. हे ऑक्साइड १०५० अंशांत अर्ध्या मिनिटापुरते टाकले, तर ऑक्सिजनचे गट कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतात. दोन थर वेगळे करायला सुमारे अडीच मेगापास्कल दाब पुरतो, आणि हजार अंशांवर आत निर्माण होणारा दाब सुमारे १३० मेगापास्कल भरतो, असे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांचे गणित आहे. म्हणजे थर सुटणारच, फक्त वायू निर्माण होण्याचा वेग तो निसटण्याच्या वेगाहून अधिक हवा. त्या संशोधकांच्या हिशेबाने त्यासाठी किमान ५५० अंशांचा ताव लागतो.

“पण ही धग काही घेऊनही जाते,” नात म्हणाली. “ऑक्सिजन एकटा जात नाही. तो जाताना थरातला कार्बनही बरोबर नेतो. मागे भोके राहतात. म्हणून असे ग्राफीन चिकटपट्टीच्या ग्राफीनइतके निर्दोष नसते. त्याची किंमत आणि उपयोग दोन्ही वेगळे.”

दादाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बेटा, हे डोळ्यांनी पाहता येईल का?”

पुढच्याच आठवड्यात नातीच्या महाविद्यालयातील सरांनी परवानगी दिली. त्यांनी आधीच बजावले होते की, हा प्रयोग घरच्या गॅसवर कधीही करू नये. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड छातीला त्रास देतो. ग्रॅफाइट ऑक्साइडच्या बाबतीत तर अधिकच सावधगिरी हवी. त्याचा मोठा साठा एकदम तापला, विशेषतः नीट न धुतल्यामुळे त्यात पोटॅशियमचे क्षार उरले असले, तर तो आपोआप पेटत जाऊ शकतो. म्हणून धूर ओढून घेणाऱ्या कपाटात, चिमूटभर पाकळ्यांवरच प्रयोग झाला.

एका मुशीतील पाकळ्या थंड भट्टीत ठेवून मंद गतीने तापवल्या होत्या. त्या फुगल्या होत्या, पण थोड्याच. दुसऱ्या मुशीत तेवढीच चिमूट घेऊन ती ९०० अंशांच्या भट्टीत सरकवली. काही सेकंदांत मूस काठोकाठ भरली आणि काळे, वेटोळे धागे बाहेर सांडू लागले. वजन नाममात्र, आकार मात्र मुठीएवढा. मुलगा चकित झाला. दादाजींनी एक धागा बोटांत घेऊन हलकेच दाबला. तो चपटा होऊन चकाकू लागला. दुसरा त्यावर दाबला, तर दोन्ही गोंदाशिवाय एकजीव झाले.

“अरे, हा तर आपला पत्रा!” ते उद्गारले.

ते खरेच होते. वर्षानुवर्षे पेढीवर विकला जाणारा ग्रॅफाइटचा लवचिक पत्रा याच धाग्यांना लाटून बनवतात. त्यात चिकट द्रव्य घालावे लागत नाही. हवेत साधारण साडेचारशे अंशांपर्यंत तो टिकतो. त्यापुढे ग्रॅफाइट हळूहळू जळू लागते. आगरोधक दारांच्या चौकटीत बसवलेल्या काही काळ्या पट्ट्यांत हेच न फुललेले ग्रॅफाइट असते. आग लागून ताव दोनशे अंशांच्या आसपास गेला की ते फुगून दाराची फट बुजवते आणि धूर पलीकडे जाऊ देत नाही. जो माल एकदा दारातून परत पाठवला, त्याचा जन्म डोळ्यांसमोर पाहताना दादाजींच्या मनात काय आले असेल, हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

नातीने ते धागे एका काचेच्या कुपीत भरून घरी आणले. शास्त्रज्ञ त्यांना ‘कृमी’ म्हणतात, असे तिने सांगताच आजी दचकून मागे सरकली. “अगं, भट्टीत घातलेत ना तुम्ही ते?” तिच्या चेहऱ्यावरील व्यथा पाहून सर्वजण हसले. “आजी, निव्वळ अजीव आहेत. फक्त नाव तसे,” असे नातीने सांगितल्यावर आजीने कुपी हातात घेतली आणि म्हणाली, “म्हणजे काळ्या लाह्याच की.”

आता प्रश्न उरला प्रतिनिधीने दिलेल्या नमुन्याचा. फुललेले धागे म्हणजे ग्राफीन नव्हे; त्यांत अजून कित्येक थर एकत्र असतात आणि ते ध्वनिलहरींनी वा घुसळून आणखी सुटे करावे लागतात. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार दहा थरांपर्यंतच्या पदार्थालाच ग्राफीनच्या कुटुंबात जागा आहे. त्यापलीकडे ते बारीक ग्रॅफाइट. दोन्ही पुडी काळ्याच, दोन्ही बोटांना सारख्याच लागतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

येथे नातीने एक माप सांगितले, ते दादाजींना फार आवडले. एक ग्रॅम ग्राफीनचे सर्व थर पूर्ण सुटे केले, तर दोन्ही बाजू धरून त्याचे क्षेत्रफळ २६३० चौरस मीटर भरते. म्हणजे सव्वीस गुंठे! एका ग्रॅममध्ये सव्वीस गुंठ्यांचे शेत. प्रत्यक्षात एवढे कोणाच्या हाती येत नाही; परंतु चांगल्या रीतीने थर सुटलेला माल शेकड्यांत तरी जातो. साध्या ग्रॅफाइटच्या पुडीला मात्र काही थोडे चौरस मीटरच मिळतात. पुडीवर नायट्रोजन वायू बसवून हे क्षेत्रफळ मोजता येते. दुसरी कसोटी रामन वर्णपटाची. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामावर ती आधारलेली आहे, आणि त्या पटावरील शिखरांच्या आकारावरून थर एक आहे, थोडे आहेत की साधे ग्रॅफाइट आहे, हे कळते.

ही शंका केवळ एका नातीची नव्हती. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील अंतोनियो कास्त्रो नेटो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली जगभरातील साठ कंपन्यांचे नमुने तपासून प्रसिद्ध केले. बहुतेकांत खऱ्या ग्राफीनचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी निघाले आणि कोणत्याही नमुन्यात ते पन्नास टक्क्यांच्या वर गेले नाही.

नमुना पुण्यातील एका प्रयोगशाळेत गेला. अहवाल येईपर्यंतचे दिवस घरात जडच गेले. प्रतिनिधीचे दूरध्वनी रोज येत होते: दुसरी पार्टी तयार आहे, दोन दिवसांत निर्णय द्या. मुलगा घरात कोणाशी फारसा बोलत नव्हता. एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, तो मुलीला म्हणाला, “बेटा, ठेव तुझ्या नावाची आहे. पण मी ती तुझ्यासाठीच वाढवणार होतो.” नात म्हणाली, “पप्पा, मला माहीत आहे. म्हणूनच तर तपासते आहे.”

अहवालात क्षेत्रफळाचा आकडा दोन अंकीसुद्धा नव्हता. रामन वर्णपटही साध्या ग्रॅफाइटचाच होता. पूड बारीक होती, स्वच्छ होती. वंगणात घालायला कदाचित उपयोगीही होती. पण ती ग्राफीन नव्हती आणि तिची किंमत मात्र ग्राफीनची होती. मुलाने प्रतिनिधीला दूरध्वनी करून प्रत्येक खेपेबरोबर अशा दोन चाचण्यांचे अहवाल मागितले. पलीकडून “पाठवतो” असे उत्तर आले. त्यानंतर दूरध्वनी थांबले.

मुलाला आनंद झाला नाही. पैसे वाचले, पण ज्या वाटेने पेढीला पुढे न्यायचे स्वप्न त्याने पाहिले होते, ती वाट बंद झाली असे त्याला वाटले. त्या रात्री दादाजी त्याच्याजवळ जाऊन बसले. “ग्रॅफाइटचा पत्रा आला तेव्हा मी माल न पाहताच नाही म्हणालो,” ते म्हणाले. “या वेळी तू माल न पाहताच हो म्हणत होतास. चूक दोघांची एकच. ग्राफीन खोटे नाही, हे पोरीने आपल्याला दाखवले. खोटे होते ते त्या पुड्यावरचे नाव. खरा माल येईल तेव्हा तू घे, मी अडवणार नाही. फक्त कसाला लावून घे.”

मुलगा काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने पेढीच्या खरेदीवहीत एक नवा रकाना आखला: ‘चाचणी अहवाल’. आगरोधक पट्ट्यांचे दोन उत्पादक त्याने शोधले आहेत आणि शेंद्र्याच्या एका ठेकेदाराशी बोलणे चालू आहे. त्यातून काय निघेल, हे काळच ठरवील.

मुदतठेव शाबूत आहे. ती पुढच्या वर्षी परिपक्व होईल, तेव्हा तिचे काय करायचे, हे नातीलाच विचारायचे असे घरात ठरले आहे. तिला पीएच.डी. करायची इच्छा आहे, हे दादाजींना कळले आहे. आजीला अजून सांगायचे आहे.

काळ्या धाग्यांची ती कुपी पेढीवर गादीशेजारी ठेवली आहे. नवा विक्रेता नव्या मालाचे गुणगान करू लागला की दादाजी ती पुढे सरकवतात आणि शांतपणे विचारतात, “ताव किती दिला, सांगाल का?” विक्रेता गोंधळतो. तिकडे घरी आजी ज्वारीवर पाणी शिंपडून ती कापडात बांधून ठेवत असते. सकाळी कढई तापेल. तोवर दाण्यांना मुरायला वेळ द्यावा लागतो.